भारताचे हक्क कुणाकडे?

११ जुलै २०२५ ला सकाळी शेअर बाजार उघडला आणि ग्लेनमार्क फार्माचा भाव दहा टक्के चढून वरच्या सर्किटला जाऊन थांबला. आदल्या दिवशी बातमी आली होती. ग्लेनमार्कच्या पंखाखालच्या ‘इक्नॉस ग्लेनमार्क इनोव्हेशन’ या छोट्या संशोधन कंपनीने रक्ताच्या कर्करोगावरचं एक प्रायोगिक औषध अमेरिकेतल्या ॲबव्ही या बलाढ्य कंपनीला लायसन्सवर दिलं होतं. करार होताच ७० कोटी डॉलर, म्हणजे साधारण सहा हजार कोटी रुपये. पुढे ठरलेले टप्पे गाठले तर आणखी १२२.५ कोटी डॉलरपर्यंत. आणि औषध बाजारात आलंच, तर विक्रीवर रॉयल्टी.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत असेच करार वाचण्यात आणि त्यांचे मसुदे तपासण्यात गेली. डोंबिवलीहून लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. सोसायटीत आणि नात्यात सगळ्यांना हे माहीत असल्याने त्या आठवड्यात मला दोन प्रश्न आले. कल्याणच्या भाच्याने फोनवर विचारलं, “मावशी, शेअर घेऊ का?” आणि आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात थांबून म्हणाली, “काकू, बाबांना हे औषध मिळू शकेल का हो?” तिच्या वडिलांना मल्टिपल मायलोमा आहे. परळच्या टाटामध्ये उपचार चालू आहेत.

पहिल्या प्रश्नावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून आले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच करारात होतं, पण त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. म्हणून हा लेख.

आधी लायसन्स म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने देताना जो करार करतात, तशीच ही गोष्ट. मालकी मालकाकडेच राहते. वापरायचा हक्क ठरावीक अटींवर, ठरावीक रकमेला दुसऱ्याकडे जातो. औषधाच्या बाबतीत मालकी असते पेटंटची, प्रयोगाच्या नोंदींची आणि औषध बनवण्याच्या कृतीची. घेणारी कंपनी पुढच्या चाचण्या करते, परवानग्या मिळवते, औषध बनवते आणि विकते.

छोट्या कंपनीला हे करावंच का लागतं? कारण कर्करोगाच्या औषधाचा खरा खर्च शोध लागल्यावर सुरू होतो. प्रयोगशाळेत रेणू तयार झाला, प्राण्यांवर चालला, तरी पुढे माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे असतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्ण, अनेक देशांतली रुग्णालयं आणि काही वर्षांचा काळ. माणसांवरच्या चाचणीत उतरलेल्या कर्करोगाच्या वीस औषधांतलं एखादंच बाजारापर्यंत पोहोचतं. एवढा खर्च आणि एवढी जोखीम पाच-पन्नास शास्त्रज्ञांच्या कंपनीला झेपत नाही. सुरुवातीला खासगी गुंतवणूकदार पैसे घालतात, पण त्यांनाही काही वर्षांत पैसे सोडवून घ्यायचे असतात. मग दोनच वाटा उरतात. कंपनी विकायची, किंवा औषधाचं लायसन्स द्यायचं.

लायसन्सचा करार जाडजूड असतो, पण त्याचा जीव चार-पाच कलमांत असतो. हातात मिळणारी रक्कम, तिला आमच्या धंद्यात ‘अपफ्रंट’ म्हणतात. मग ‘माइलस्टोन’, म्हणजे चाचणीचा टप्पा पार पडला, परवानगी मिळाली, विक्रीने अमुक आकडा ओलांडला की मिळणारे पैसे. मग रॉयल्टी. चौथं कलम प्रयत्नांचं असतं: घेणाऱ्याने औषध फडताळात टाकून ठेवू नये, मेहनतीने पुढे न्यावं. ते न्यायचं सोडलं तर हक्क मूळ मालकाकडे परत येतात. आणि पाचवं कलम प्रदेशाचं, ‘टेरिटरी’चं. कोणत्या देशांत हा हक्क चालेल त्याची यादी. ती बहुधा मागे परिशिष्टात असते. रुग्णाच्या दृष्टीने करारातला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

आता महापे. ग्लेनमार्कचं संशोधन केंद्र ठाणे जिल्ह्यातच, महाप्याच्या एमआयडीसीत आहे. डोंबिवली-कल्याणची कितीतरी मुलं शीळ फाट्यावरून रोज त्या पट्ट्यात कामाला जातात. १९७७ साली ग्रेशियस साल्डाना यांनी सुरू केलेल्या या कंपनीने स्वतःचे नवे रेणू शोधून परदेशी कंपन्यांना लायसन्सवर देण्याचा मार्ग भारतात फार लवकर धरला. २००४ मध्ये दम्याच्या आणि फुप्फुसाच्या आजारावरचा ‘ऑग्लेमिलास्ट’ अमेरिकेच्या फॉरेस्ट कंपनीला दिला. एकूण १९ कोटी डॉलरपर्यंतचा करार होता, पैकी हातात एक कोटी. औषध चाचणीत टिकलं नाही. २००७ मध्ये वेदनाशामक रेणू एली लिलीला दिला. एकूण ३५ कोटी डॉलरपर्यंत, हातात साडेचार कोटी. पुढच्याच वर्षी ती चाचणी थांबली. सनोफीबरोबर २०१० आणि २०११ मध्ये करार झाले. तेही रेणू औषध म्हणून बाजारात आले नाहीत.

हे सांगताना मला त्या शास्त्रज्ञांना कमी लेखायचं नाही. जगभर हेच घडतं, आणि इतक्या वेळा हरूनही त्याच कामाला पैसे लावत राहणाऱ्या भारतीय कंपन्या थोड्या आहेत, हे मला मोलाचं वाटतं. पण भाच्याला मी याच आकड्यांनी उत्तर दिलं. मथळ्यातला मोठा आकडा अटींवर उभा असतो. हातात आलेली रक्कम तेवढी खरी. २०२५ च्या करारात वेगळेपण हे की हातातली रक्कमच ७० कोटी डॉलर होती. एवढे पैसे आधी मोजणारा औषध सहज सोडून देत नाही. तरीही शेअर घ्यावा की नाही हे मी त्याला सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे.

या औषधाचं नाव अजून नुसता क्रमांकच आहे: आयएसबी २००१. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंडं थकतात, रक्त कमी होतं. औषधांनी तो मागे हटतो आणि पुन्हा येतो, परत येताना जुन्या औषधांना दाद देत नाही. आयएसबी २००१ हे तीन ठिकाणी चिकटणारं प्रतिपिंड आहे. त्याची दोन टोकं कर्करोगाच्या पेशीवरच्या बीसीएमए आणि सीडी३८ या खुणा पकडतात आणि तिसरं टोक आपल्याच रोगप्रतिकारक टी-पेशीला धरून तिथे आणतं. एक खूण पुसट झाली तरी दुसरी उरते, ही त्यामागची कल्पना. जून २०२५ मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत पहिल्या टप्प्यातल्या ३५ रुग्णांची माहिती मांडली गेली. बरेच उपचार आधी होऊन गेलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. आकडा आशादायक आहे. पण तो पहिल्या टप्प्याचा आहे, आणि औषध अजून कुठल्याही देशात विक्रीला नाही.

हा शोध लागला इक्नॉसच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत, पैसे पुरवले मुंबईच्या कंपनीने, पुढची धुरा अमेरिकन कंपनीकडे. आणि भारत? उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीन ॲबव्हीकडे गेले. उरलेला आशिया, त्यात भारत, शिवाय लॅटिन अमेरिका, आफ्रिका, मध्यपूर्व, रशिया, ऑस्ट्रेलिया हे ग्लेनमार्कने स्वतःकडे ठेवले. खालच्या मजल्यावरच्या मुलीला मी हे सांगितलं. औषध आज नाही, उद्याही नाही, पण कधी तयार झालं तर भारतात आणायचं की नाही आणि केवढ्याला विकायचं, हा निर्णय परक्या कंपनीच्या हातात नाही. ग्लेनमार्क ते स्वस्त देईल, अशी हमी करारात नसते. मात्र दार कुणाचं ठोठावायचं ते माहीत आहे, आणि ते दार महाराष्ट्रात आहे.

हक्क परक्याच्या हातात असले तर काय होतं, त्याचं उदाहरण पाहायलाही लांब जावं लागत नाही. बायर या जर्मन कंपनीचं भारतातलं मुख्य कार्यालय ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. कोलशेत रोडवर तिचा कारखाना होता, हे जुने ठाणेकर जाणतात. या बायरचं ‘नेक्साव्हार’ हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं औषध. रसायनाचं नाव सोराफेनिब. त्याच्या मुळाशीही एक छोटी कंपनी होती, कॅलिफोर्नियातली ऑनिक्स. १९९४ मध्ये ऑनिक्स आणि बायर यांनी एकत्र संशोधनाचा करार केला आणि डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत नेक्साव्हारला परवानगी मिळाली. ऑनिक्सचं भलं झालं. २०१३ मध्ये ॲमजेनने ती सुमारे १,०४० कोटी डॉलरना विकत घेतली. ज्यांनी सुरुवातीला तिच्यात पैसे घातले आणि धरून ठेवले, त्यांना धीराचं फळ मिळालं. त्यात गैर काही नाही. त्या पैशाशिवाय औषधच झालं नसतं.

पण भारतात हे औषध महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांच्या वर पडत होतं. दर महिन्याला! २०१० च्या आसपास कल्याणच्या चाळीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये राहणाऱ्या माणसाने काय करावं? हैदराबादच्या नॅटको कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये बायरकडे स्वेच्छेने लायसन्स मागितलं. ते मिळालं नाही. मग जुलै २०११ मध्ये तिने मुंबईच्या पेटंट कार्यालयात १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली सक्तीच्या लायसन्सचा अर्ज केला.

हे कलम प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवं. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर तीनपैकी कोणत्याही एका कारणाने असा अर्ज करता येतो: लोकांची वाजवी गरज भागत नसेल, वाजवी किमतीत औषध मिळत नसेल, किंवा भारतात त्या पेटंटचा प्रत्यक्ष वापर होत नसेल. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तिन्ही मुद्द्यांवर नॅटकोच्या बाजूने निकाल दिला. बायरने स्वतःच दाखल केलेल्या माहितीवरून दिसत होतं की गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत औषध पोहोचत होतं. नॅटकोला महिन्याचं औषध नऊ हजारांच्या आत विकायचं होतं, बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यायची होती आणि दरवर्षी ६०० गरीब रुग्णांना औषध मोफत द्यायचं होतं. अपिलात रॉयल्टी ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल कायम ठेवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

दोन लाख ऐंशी हजारांवरून नऊ हजार. औषध तेच, गोळ्या तेवढ्याच.

औषध कंपन्यांतल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांना हा निकाल आवडला नव्हता. अशाने संशोधन थांबेल, असं ते म्हणत. त्यांच्या काळजीत तथ्य होतं. दर वेळी सक्ती होणार असेल तर जोखीम कोण घेईल? पण भारतात सक्तीचं लायसन्स आजवर या एकाच औषधाचं दिलं गेलं. २०१३ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरच्या डॅसाटिनिबसाठी झालेला अर्ज फेटाळला गेला. संशोधन थांबलं नाही, हे ग्लेनमार्कच्या करारावरूनच दिसतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. जी कंपनी एखाद्या देशाचे हक्क घेते आणि त्या देशातल्या शंभरातल्या दोनच रुग्णांना औषध पुरवते, तिने ते हक्क वापरले असं म्हणता येत नाही.

तिसरं उदाहरण पवई आणि खारघरचं. त्यात माझा जीव सगळ्यात जास्त गुंतलेला आहे, कारण त्यात तुमचा-माझा पैसा आहे.

कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, त्यांत जनुकीय बदल करून कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. अमेरिकेत हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कार्ल जून यांच्या चमूने घडवलं. विद्यापीठाने २०१२ मध्ये ते नोव्हार्टिसला लायसन्सवर दिलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने तीन कोटी रुपये.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र इथे स्वतः उभं केलं. रुग्णांवरच्या चाचण्या टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी केल्या. ४ जून २०२१ रोजी टाटाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेने चाचण्यांसाठी १९ कोटींहून अधिक निधी दिला. संशोधन बाजारात नेण्यासाठी २०१८ मध्ये आयआयटीच्या आवारातच ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली. २०२१ च्या अखेरीस हैदराबादच्या लॉरस लॅब्जने ४६ कोटी रुपये घालून तिचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी आली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते ‘नेक्सकार१९’ या नावाने देशाला अर्पण झालं. ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’मध्ये २०२५ साली ६४ रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. जवळजवळ ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला होता. हे औषध ठरावीक प्रकारच्या बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, तेही आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर.

किंमत चाळीस लाखांच्या आसपास. तीन कोटींच्या तुलनेत ही मोठी उडी आहे, आणि ती इथे संशोधन, उत्पादन आणि हक्क तिन्ही असल्यामुळेच घेता आली. पण डोंबिवलीत चाळीस लाखांत लोक घर घेतात, आणि त्या घराचं कर्ज वीस वर्षं फेडतात. मुलाच्या ल्युकेमियासाठी तेच घर विकायला काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. म्हणून किमतीचा प्रश्न इथेही संपलेला नाही.

आणखी एक सावधगिरी, शेअरच्या मागे असलेल्या वाचकांसाठी. नेक्सकारच्या यशानंतर ‘कॅन्सरवर औषध काढणाऱ्या छोट्या कंपनीत खासगी गुंतवणूक’ असे निरोप व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरताना दिसतात. सेवानिवृत्तीचे पैसे हातात असलेली माणसं त्यांना भुलतात, कारण नफ्याबरोबर पुण्याचीही भाषा केलेली असते. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ इथे लक्षात ठेवा. खासगी कंपनीला अशी भागविक्री जाहिरात करून करता येत नाही. आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, प्रत्येकाच्या नावे लेखी प्रस्ताव देऊन, आणि पैसे बँकेमार्फतच घेऊन ती करावी लागते. ग्रुपवर आलेला प्रस्ताव तिथेच नियमाबाहेर जातो. आणि नियमात बसणाऱ्या खऱ्या कंपनीतही विसातल्या एकोणीस औषधांची गत काय होते, ते वर सांगितलंच आहे. म्हातारपणीच्या आधाराचा पैसा तिथे घालू नये.

आता मला जे मागायचं आहे ते. आयआयटी, टाटा, बायरॅक यांसारख्या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था जेव्हा औषधाचं लायसन्स खासगी कंपनीला देतात, तेव्हा भारतासाठी दोन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. परवानगीनंतर किती काळात, किती रुग्णालयांत औषध मिळेल. आणि सरकारी व धर्मादाय रुग्णालयांसाठी किमतीची कमाल मर्यादा किती. आणि ही दोन कलमं लोकांसमोर जाहीर करावीत. रॉयल्टीचे दर, टप्प्यांच्या रकमा गुप्त राहिल्या तरी चालेल. धंद्याला तेवढी गुप्तता लागते हे मला माहीत आहे. पण प्रदेश, पुरवठा आणि किंमत या बाबी करदात्यापासून लपवण्याचं काही कारण नाही. खासगी गुंतवणूकदार या अटींनी पळून जाईल, हे मला पटत नाही. अट आधी माहीत असेल तर तो हिशेबात धरतो. मसुद्याच्या टेबलावर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तोवर वाचकाने स्वतः काय करावं? घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि नव्या औषधाची बातमी आली, तर तीन गोष्टी शोधा. कंपनीच्या निवेदनात ‘टेरिटरी’ पाहा, भारताचे हक्क कुणाकडे आहेत ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर त्या औषधाची चाचणी भारतात चालू आहे का ते बघा. जून २००९ पासून देशातल्या औषध चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. तिसरी गोष्ट म्हणजे पेटंट कार्यालयाचा फॉर्म २७. पेटंटधारकाला भारतात आपलं पेटंट प्रत्यक्ष वापरलं जातं की नाही, हे त्यात सांगावं लागतं. नेक्साव्हारच्या निकालात ही माहिती कामी आली होती. ही सगळी माहिती छापून डॉक्टरांकडे न्या आणि आपल्या रुग्णाला यातलं काही लागू पडतं का, ते विचारा. शीळ फाट्यावरून महापे, तळोज्यावरून खारघर आणि घोडबंदर रोडवरची बायरची इमारत, तिन्ही ठिकाणं आपल्या डोंबिवली-कल्याणपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तिथल्या कंपन्यांना आणि संस्थांना पत्र लिहून विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. तो वापरा.